मुलाचा ताबा: निकालापेक्षा अंतरिम आदेशाकडे लक्ष द्या

रानवाट (मूळ लेख)

आई-वडील वेगळे झाल्यावर मूल कोणाकडे राहणार, या विषयावरची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा आईचा हक्क मोठा की वडिलांचा या एकाच वळणाने जाते. कौटुंबिक न्यायालयात वकिली करताना माझे मत असे बनत गेले आहे की मुलाचे पुढचे दिवस कसे जातील हे अंतिम निकालापेक्षा त्याच्या कितीतरी आधी झालेल्या अंतरिम, म्हणजे दावा चालू असेपर्यंतच्या तात्पुरत्या, आदेशावर, आणि त्या आदेशात भेटींविषयी नेमके काय लिहिले आहे यावर जास्त अवलंबून असते. ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांनी सगळी ताकद शेवटच्या युक्तिवादासाठी राखून ठेवू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

आधी कायद्याची चौकट थोडक्यात सांगतो. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम सर्व धर्मीयांना लागू आहे आणि हिंदूंसाठी त्याच्या जोडीला १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम आहे. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली, आणि विवाह विशेष विवाह अधिनियमाखाली झाला असेल तर त्याच्या कलम ३८ खाली, त्याच दाव्यात ताब्याचा अर्ज करता येतो. घरात हिंसाचार झाला असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम २१ खाली दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा पीडित स्त्रीकडे देऊ शकतात. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात हनफी परंपरेनुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहते. मात्र अर्ज कोणत्याही कलमाखाली केलेला असो, न्यायालय शेवटी मुलाचे हित कशात आहे हेच पाहते, आणि त्यापुढे आई-वडिलांचे हक्क दुय्यम ठरतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दावा दाखल होतो, नोटीस बजावण्यात काही तारखा जातात, उत्तर येते, प्रकरण समुपदेशनाकडे पाठवले जाते, मध्यस्थीचा प्रयत्न होतो, मग पुरावा आणि उलटतपासणी सुरू होते. या साऱ्याला वर्षे लागू शकतात, आणि तोपर्यंत मूल जिथे राहत आहे तिथल्या शाळेत, मित्रांत, आजी-आजोबांच्या घरात रुजलेले असते. अंतिम सुनावणीत न्यायाधीश हे सगळे विस्कटायला सहसा तयार नसतात, आणि मुलाच्या बाजूने पाहिले तर त्यांचे चुकते असेही म्हणता येत नाही. परिणामी जी व्यवस्था तात्पुरती म्हणून सुरू झाली, ती कोणी फारसा विचार न करताच कायमची होऊन बसते.

याला अपवाद आहेत. ताब्याचे आदेश स्वभावतःच त्या वेळच्या परिस्थितीपुरते असतात आणि परिस्थिती बदलली तर ते बदलता येतात, अगदी संमतीने झालेला आदेशसुद्धा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या रोझी जेकब खटल्यात सांगितले आहे. २०१७ च्या एका निकालात तर लहानपणापासून वडिलांकडे वाढलेल्या मुलीचा ताबा आईकडे सोपवताना, मुलीला आईविषयी वाटणारा परकेपणा हा त्या दीर्घ ताटातुटीचाच परिणाम असू शकतो, हे न्यायालयाने विचारात घेतले. पण असे निकाल मिळवायला उच्च आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागते, आणि ती ऐपत व चिकाटी किती जणांकडे असते?

एक गैरसमज इथेच दूर करतो. ‘ताब्याचा अर्ज साठ दिवसांत निकाली निघायलाच हवा’ असे अनेक जण ठामपणे सांगतात. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ मधील साठ दिवसांची तरतूद दाव्याच्या काळातील मुलांच्या पोषणाच्या आणि शिक्षणाच्या खर्चाच्या अर्जासाठी आहे, आणि तिथेही ‘शक्यतो’ हा शब्द आहे. ताब्यासाठी अशी मुदत नाही, म्हणून अंतरिम अर्ज दाव्याबरोबरच, त्याच दिवशी दाखल करावा.

दुसरा मुद्दा शब्दरचनेचा आहे. ‘प्रतिवादीस मुलाला भेटण्याचा वाजवी हक्क राहील’ हे वाक्य मी अनेक संमतीपत्रांत वाचले आहे आणि या एका वाक्यातून निघालेली भांडणेही तितकीच पाहिली आहेत. एकाला वाजवी म्हणजे दर रविवार वाटतो, दुसऱ्याला महिन्यातून दोन तास तेही आपल्या नजरेसमोर. त्याऐवजी आदेशात असे लिहून घ्यावे: दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी दहा वाजता वडील मुलाला आईच्या इमारतीच्या फाटकापाशी घेतील आणि रविवारी सायंकाळी सहा वाजता तिथेच परत सोडतील, मूल आजारी असल्यास आई आदल्या दिवशी तसे लेखी कळवील आणि बुडालेली भेट पुढच्या शनिवारी भरून दिली जाईल, उन्हाळ्याच्या सुट्टीचा पूर्वार्ध सम वर्षी आईकडे व विषम वर्षी वडिलांकडे, दिवाळीतील लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज कोणाकडे, मुलाचा वाढदिवस शाळेच्या दिवशी आला तर काय, शाळेच्या पालकसभेला दोघांना जाता येईल की नाही, प्रगतिपुस्तकाची प्रत कोणाला मिळेल, पासपोर्ट कोणाकडे राहील. वाचताना हे क्षुल्लक आणि थोडे हास्यास्पदही वाटेल, पण ज्या दोघांचे एकमेकांशी बोलणे बंद आहे त्यांना न बोलता मूल वाढवायचे असेल तर कागदाने बोलले पाहिजे.

अनुभव, प्रश्न आणि मतभेद सर्वांचे स्वागत आहे. नावे, शहरे आणि चालू प्रकरणांचे तपशील मात्र कृपया लिहू नयेत.

उंबरठा

अतिशय उपयुक्त लेख. एक शंका आहे. पाच वर्षांखालील मूल आपोआप आईकडेच जाते, असे माझ्या बहिणीला तिच्या वकिलांनी सांगितले आहे. मग तिने अंतरिम अर्जाची घाई कशासाठी करावी?

रानवाट

@उंबरठा, ‘आपोआप’ काहीही होत नाही. १९५६ च्या अधिनियमाचे कलम ६ असे सांगते की अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाचा नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई, परंतु पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा. २०१५ मध्ये गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की एवढ्या लहान मुलाच्या बाबतीत आई योग्य नाही हे दाखवण्याची जबाबदारी वडिलांवर आहे. आईचे पारडे त्यामुळे नक्कीच जड होते. पण मूल आज प्रत्यक्षात वडिलांच्या घरी असेल आणि आई अर्ज न करता वाट पाहत बसली, तर मूल पाच वर्षांचे होऊन जाते आणि ते पारडे हलके होते. बहिणीने थांबू नये.

त्याच कलमातील ‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’ या रचनेविषयी थोडे विषयांतर करतो. १९८४ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी पालक म्हणून स्वतः सही केली, तेव्हा बँकेने वडिलांची सही मागितली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९९ मध्ये निकाल लागला की वडील हयात असतानाही, ते मुलाकडे लक्ष देत नसतील किंवा तशी व्यवस्था दोघांनी मान्य केलेली असेल तर आई नैसर्गिक पालक ठरू शकते. पालकत्व आणि ताबा या वेगळ्या गोष्टी आहेत. मूल आईकडे राहत असले तरी वडिलांचे पालकत्व संपत नाही, म्हणूनच शस्त्रक्रियेच्या संमतीपासून शाळा बदलण्यापर्यंतचे निर्णय कोण घेणार हे आदेशात लिहिलेले बरे.

तिसरा मजला

मी अशाच एका प्रकरणातला ‘दुसरा पालक’ आहे. तपशील लिहीत नाही, पण एका सुट्टीत पत्नी मुलीला घेऊन माहेरी गेली, तिथल्या शाळेत प्रवेश झाला आणि मला ते शाळेचा दाखला मागणारे पत्र आल्यावर कळले. पोलीस ठाण्यात गेलो तर ‘हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टातून आदेश आणा’ असे उत्तर मिळाले. आता मी राहतो त्या शहरात अर्ज करायचा की मुलगी आहे तिथे?

रानवाट

@तिसरा मजला, पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम ९ नुसार अज्ञान मूल जिथे सर्वसाधारणपणे राहते त्या ठिकाणच्या न्यायालयाला अधिकार असतो. मुलीला नुकतेच हलवले असेल तर तिचे नेहमीचे वास्तव्य तुमच्याच शहरात होते असा युक्तिवाद करता येतो. त्यासाठी शाळेच्या फीच्या पावत्या, लसीकरणाची नोंद, डॉक्टरांची कागदपत्रे, वास्तव्याचा पुरावा हे सगळे जोडावे. जितका उशीर होईल तितका हा युक्तिवाद दुबळा होतो, कारण नवे ठिकाणच नेहमीचे बनते. माझ्या मूळ मुद्द्याचे यापेक्षा नेमके उदाहरण मला देता आले नसते.

पोलिसांचे उत्तर कडवट वाटले तरी ते कायद्याला धरून आहे. ताब्याचा कोणताही आदेश नसताना नैसर्गिक पालकाने स्वतःच्या मुलाला नेणे हा सहसा अपहरणाचा गुन्हा ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये मूल घेऊन गेलेल्या एका वडिलांविरुद्धचा गुन्हा याच कारणाने रद्द केला होता. आदेश झाल्यानंतर मूल पळवले तर मात्र गोष्ट वेगळी.

बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका, म्हणजे मुलाला न्यायालयापुढे हजर करण्याची मागणी, हा मार्ग काही जण सुचवतील. मूल ज्याच्याकडे आहे त्याला ताब्याचा कायदेशीर अधिकारच नसेल, तेव्हा ती याचिका चालते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आहे. त्या प्रकरणात वडील एका बाजूला आणि दिवंगत आईचे नातेवाईक दुसऱ्या बाजूला होते. आईविरुद्ध वडील असा सामना असेल तर उच्च न्यायालय बहुधा कौटुंबिक न्यायालयाची वाट दाखवते.

कडुनिंब

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम केले आहे, त्यामुळे मुलांच्या बाजूने दोन शब्द लिहिते. पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम १७ मध्ये असे आहे की मूल समजूतदारपणे पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकते. याचा अर्थ पालक असा लावतात की मुलाने न्यायाधीशांसमोर आपले नाव घेतले की काम झाले. मग सुरू होते पढवणे. न्यायाधीशांच्या दालनात नऊ वर्षांचे मूल जेव्हा ‘माझे वडील माझ्या सर्वांगीण विकासाकडे लक्ष देत नाहीत’ असे म्हणते, तेव्हा ते वाक्य कुठून आले हे दालनातल्या प्रत्येकाला कळते, आणि त्या वाक्याचा फायदा ज्याने पढवले त्याला होतोच असे नाही.

मूल काय म्हणते यापेक्षा ते कसे बसते, कोणाच्या हातातून हात सोडवायला तयार होते, परत जाताना मागे वळून पाहते का, हे आम्ही पाहायचो. भेटीच्या खोलीत, म्हणजे न्यायालयाच्या आवारातच मुलांसाठी राखलेल्या खोलीत, एक वडील दर वेळी मोठी खेळणी घेऊन येत आणि मूल खेळण्याशीच खेळत बसे. पुढे ते रिकाम्या हाताने येऊ लागले आणि गृहपाठाची वही मागू लागले. मूल त्यांच्या शेजारी बसून पाढे म्हणू लागले, आणि त्यानंतर बाहेर भेटण्याची परवानगी मागणारा अर्ज आईच्या बाजूनेही फारसा लढवला गेला नाही.

एक विनंतीही आहे. समुपदेशकासमोर बोललेले गोपनीय असते आणि ते पुरावा म्हणून वापरता येत नाही. वकिलाने लिहून दिलेले पाठ केलेले उत्तर तिथे देऊ नका. तडजोडीची खरी शक्यता त्याच खोलीत असते.

पैलतीर

मी इंग्लंडमध्ये राहते. इथे २०१४ पासून ‘ताबा’ किंवा ‘भेट’ असे वेगळे आदेश न देता मूल कोणाबरोबर राहील आणि कोणाबरोबर कधी वेळ घालवील हे एकाच आदेशात ठरवले जाते. हेतू असा की कोणी जिंकले किंवा हरले असे वाटू नये. व्यवहारात माणसे हरल्या-जिंकल्याच्या भाषेतच बोलतात, पण आदेश तपशीलवार असतो हे खरे. मूल ज्याच्याकडे राहते तो पालक दुसऱ्याच्या संमतीशिवाय त्याला एक महिन्याहून कमी काळासाठी परदेशी नेऊ शकतो, हेही कायद्यातच लिहिलेले आहे.

माझा प्रश्न भारताशी संबंधित आहे. इथल्या न्यायालयाचा आदेश असताना एक पालक मुलाला भारतात घेऊन आला तर इथला आदेश तिथे चालतो का?

रानवाट

@पैलतीर, थेट चालत नाही. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग कराराचा भारत सदस्य नाही, त्यामुळे मूल ताबडतोब परत पाठवण्याची ती यंत्रणा इथे उपलब्ध नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये असे ठरवले की परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घेण्याचा एक घटक आहे, पण भारतातील न्यायालय मुलाचे हित स्वतंत्रपणे तपासू शकते. काही प्रकरणांत मूल परत पाठवलेही गेले आहे. मूल भारतात किती काळ राहिले आहे, ते इथे रुळले आहे का, परत गेल्यावर त्याची सोय काय, यावर बरेच अवलंबून असते. इथेही वेळ हाच कळीचा मुद्दा आहे.

सम-विषम

चर्चा चांगली चालली आहे, पण मला मूळ लेखाशी एका बाबतीत असहमती नोंदवायची आहे. तपशीलवार वेळापत्रक हा उपाय सांगताना तुम्ही एका पालकाकडे मूल आणि दुसरा पाहुणा ही व्यवस्था गृहीत धरली आहे. विधी आयोगाने मे २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली होती. कायद्यात तसा बदल अजूनही झालेला नाही. दोघांना समान वेळ हे गृहीतकच कायद्यात आणले तर अंतरिम आदेशाचा हा सगळा शर्यतीचा खेळ थांबेल, कारण आधी मूल पळवून फायदा होणार नाही.

रानवाट

@सम-विषम, आपला शेवटचा तर्क मला मान्य आहे आणि संयुक्त ताब्याला माझा विरोधही नाही. दोन्ही घरे एकाच शाळेच्या टप्प्यात असतील आणि दोघांना निदान मुलाच्या औषधांविषयी बोलता येत असेल, तर ती उत्तम व्यवस्था आहे. गृहीतक म्हणून ती कायद्यात घालण्याविषयी मात्र मी साशंक आहे. ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये समान पालक-जबाबदारीचे गृहीतक कायद्यात आणले. त्याचा अर्थ ‘समान वेळ’ असा नव्हता, पण लोकांनी तो तसाच लावला आणि हिंसाचार सोसलेल्या पालकांवरही वाटाघाटीत त्याचे दडपण आले, अशी टीका होत राहिली. मे २०२४ पासून ते गृहीतक काढून टाकण्यात आले आहे. इथे तर एका शहराच्या दोन टोकांना राहणाऱ्या पालकांचे मूल आठवड्याचे निम्मे दिवस दीड तास प्रवास करून शाळेत जाणार असेल, तर ही समानता कोणासाठी आहे हे विचारावे लागेल.

कडुनिंब

रानवाट यांच्याशी सहमत. भर एवढीच की जिथे मारहाण किंवा व्यसन यांचा इतिहास आहे तिथे भेट देखरेखीखाली ठेवावी लागते आणि कधी थांबवावीही लागते. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम २१ मध्ये भेट मुलाला घातक ठरेल असे वाटल्यास ती नाकारण्याची स्पष्ट तरतूद आहे. ‘मुलाला दोघे हवेत’ हे खरे असले तरी ते प्रत्येक घराला लागू पडत नाही.

तिसरा मजला

@रानवाट, उत्तराबद्दल आभार, कागदपत्रे जमवायला घेतली आहेत. आणखी एक विचारतो. भेटीचा आदेश मिळाला आणि समोरच्याने मूल आणलेच नाही, तर? मी पोटगी थांबवावी असे काही मित्र सुचवतात.

रानवाट

मुळीच थांबवू नका. मुलाचा खर्च आणि मुलाची भेट यांची सांगड कायदा घालत नाही. पोटगी थकली म्हणून भेट अडवता येत नाही, आणि भेट अडवली म्हणून पोटगी थांबवता येत नाही. आपण पोटगी थांबवलीत तर पुढच्या तारखेला चर्चा भेटीवर न होता तुमच्या थकबाकीवर होईल.

भेट बुडाली की त्याच दिवशी साध्या भाषेत, आरोप न करता, संदेश पाठवावा: आज अमुक वेळी अमुक ठिकाणी आलो होतो, मूल आले नाही, पुढची भेट कधी होईल ते कळवावे. अशा नोंदी जमल्या की त्याच न्यायालयात आदेशाच्या अंमलबजावणीचा आणि बुडालेल्या भेटी भरून देण्याचा अर्ज करता येतो. जाणूनबुजून अवज्ञा होत राहिली तर अवमानाचा मार्गही आहे, आणि दुसऱ्या पालकाला सतत दूर ठेवणे हे ताबा बदलण्याचे कारण म्हणूनही मांडता येते. मूल दुसऱ्या शहरात असल्यामुळे रोजच्या बोलण्याचा मुद्दा आताच अर्जात घाला. विशेष कारण नसेल तर ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटे बोलता यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० च्या निकालात म्हटले आहे. फोन कोणत्या क्रमांकावर, किती वाजता आणि मूल बोलत असताना शेजारी कोणी बसायचे नाही, हे सगळे लिहून मागा.

उंबरठा

बहिणीचा अर्ज दाखल झाला. अंतरिम आदेश विरोधात गेला तर अपील करता येते का, एवढे सांगावे.

रानवाट

कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम १९ नुसार निकालाविरुद्ध तीस दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते आणि ते दोन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढे चालते. पक्षकारांच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्याविरुद्ध अपील नाही, म्हणून संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ते घरी नेऊन शांतपणे वाचावे. केवळ अंतर्वर्ती, म्हणजे दाव्याच्या मधल्या टप्प्यावरच्या, स्वरूपाच्या आदेशाविरुद्धही त्या कलमाखाली अपील नसते. ताब्याचा अंतरिम आदेश त्यात मोडतो की नाही यावर वाद घातला जातो, आणि अशा वेळी वकील बहुधा संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली रिट याचिका करतात. त्याआधी त्याच न्यायाधीशांकडे, परिस्थितीत काय बदलले ते दाखवून, आदेशात फेरफार मागण्याचा अर्ज करता येतो. तो स्वस्त पडतो आणि पुष्कळदा पुरतोही. आदेशाची प्रमाणित प्रत मिळण्यासाठी अर्ज त्याच दिवशी करायला बहिणीला सांगा.